मुरायला ठेवलेलं

फहाहीलच्या खोलीत, एसीच्या घरघरीखाली
इनासकाकांची प्लास्टिकची बरणी.
आत इराणी मनुका, साखर, मूठभर गहू,
पावाच्या यीस्टची चिमूट,
वसईहून आलेल्या चार लवंगा.
तोंडाला लाल फुगा,
कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसातून उरलेला.

मी तासगावचा. आमच्याकडे द्राक्ष
शेडवर वाळवतात, पाणी जाईस्तोवर.
इथं हा माणूस त्याला पुन्हा पाणी पाजतो
आणि कान लावून बसतो.
"ऐक," म्हणतो, "बोलतंय."
मला एसीच ऐकू येतो.

तिसऱ्या दिवशी फुगा उभा राहिला.
नवव्या दिवशी जिन्यात पोलीस,
वरच्या मजल्यावर, दुसऱ्याच कामाला.
काकांनी बरणीवर माझी लुंगी टाकली,
रोजरी हातात घेतली.
लुंगीखाली फुगा, पोटुशीसारखा.
मीही काहीतरी पुटपुटलो,
कुणाला ते आठवत नाही.

नाताळच्या रात्री गाळलं.
आंबट. ठार आंबट.
काका हसले नाहीत, ओतलंही नाही.
फेब्रुवारीत त्याच शिरक्यात
इंदियालाची कोंबडी मुरली.
हाड चोखत म्हणाले,
"पुढच्या सुट्टीत तुझ्या गावचा बेदाणा आण.
किलोभर.
घरी सांग, खीर करतो."