दोरा ओढायचा नाही

ओरडली असती तर बरं झालं असतं.
दारात बोट चेमटलं तरी
अख्खी गुजरी गोळा करणारी माणसं आम्ही.
हिनं मात्र दुखणं
दाढेत सुपारी धरावी तसं धरलं.

दोन दिवस पुतळी तांदळाच्या डब्यामागं.
चारी पाय पोटाखाली, पाठ उचललेली,
डोकं खांद्यांच्याही खाली,
जणू फरशीतलं काही ऐकतेय.
शेवंताकाकी म्हणाली, थंडीनं बसलंय मांजर.
दीर म्हणाले, उंदीर जड गेला असंल.
मी पाठीवरून हात फिरवला तर घुरघुरली.
मला बरं वाटलं.
मांजर घुरघुरतं म्हणजे सुखात असतं
हे मला कुणी शिकवलं?
कुणीच नाही. सासरी आले तेव्हा
इतर समजुतींबरोबर तीही आली.

मी पटवेकरीण.
एकवीस पानांचा साज गाठवते,
मासा, कासव, भुंगा, बेलपान,
आणि दिवे गेले तरी बोटांनी सांगते
कुठली गाठ उद्या सुटणार.
दोन दिवस त्या तोंडासमोर बसून
मला काही दिसलं नाही.

मुजावर डॉक्टरीणबाई
हात लावायच्या आधी नुसत्या बघत बसल्या.
मी मनात म्हटलं, बघायचेच पैसे घेतात का काय.
मग त्यांनी मला आपल्या बाजूला बोलावलं.
कान बघा. उभे आहेत?
नव्हते. एकमेकांपासून सरकून
बाहेरच्या अंगाला वळलेले,
वाटणीनंतरच्या दोन जावांसारखे.
डोळे बघा. मी म्हटलं, झोप आलीय.
नाही, त्या म्हणाल्या, मिटलेले नाहीत, आवळलेत.
नाकाखालचा गुबगुबीत गोल चपटा झालेला.
मिशा, ज्या एरवी सैल ओघळतात,
त्या तारेसारख्या ताठ, पुढं काढलेल्या.
आणि डोकं तर मी पाहिलंच होतं
डब्यामागं, दोन दिवस.

प्रत्येकाला शून्य, एक, नाहीतर दोन.
दहात चार झाले की वाट बघायची नसते.
हिचे आठ.

मला वजनं कळतात.
आठ कुणी तळहातावर ठेवले असते
तर मनगट खाली गेलं असतं.

मग त्यांनी जबडा उघडून जीभ उचलली.
लाल रेशीम.
जिभेच्या मुळाशी एक वेढा,
बाकीचं आत, किती ते कुणाला माहीत.
तो लाल मी शंभरांत ओळखते.
मंगळवारी कागलच्या एका सुनेचा साज
मीच त्यात ओवला होता,
आणि उरलेला तुकडा, हातभर असेल,
झाडून घ्यायचा राहिला होता.

माझं बोट आपोआप पुढं गेलं.
चाळीस वर्षं सैल टोक दिसलं की ओढतंय ते.
बाईंनी मनगट धरलं.
ओढायचा नाही.
आतडं त्यावर चुण्या पडून बसलेलं असतं,
ओढलात तर दोरा सुरीसारखा फिरेल.

आधी दुखायचं कमी करू, म्हणाल्या. मग फोटो, मग पोट.
सुई दिली.
मी भिंतीवरचं घड्याळ सोडून
कानांकडं बघत बसले.
बराच वेळ काही नाही.
मग डावा हलला. मग उजवा,
पण अर्धाच.
मी म्हटलं, कान, एक.
बाई हसल्या नाहीत.
लिहून घेतलं.

आता पोटावर टाके आहेत,
केस काढलेली जागा कोंबडीच्या कातडीसारखी दिसते,
गळ्यात पुठ्ठ्याचं नरसाळं, ते भांड्यांवर आपटतं.
रेशमाच्या लडी झाकणाच्या डब्यात गेल्या.
शेवंताकाकी विचारते, एका मांजरापायी एवढं?
मी गाठ मारत राहते.

काल दीर जेवताना
एकाच बाजूनं चावत होते.
दाढ दुखतीय का, विचारलं.
कुठं काय, म्हणाले, भाकरी कडक झालीय.
भाकरी मीच थापलेली.
मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं.
दोन.