चार हजारांवर

रुवीत कुंजुमोनच्या दुकानात
काउंटरवर तीन डबे मांडलेत,
सोनार डाग मांडतो तसे, एकेक, मखमल नाही इतकंच.

पहिला अंगठ्याएवढा. टीव्हीच्या पाठीत खुपसायचा.
"स्वस्त आहे, पण वाय-फायवर जगतो,
आणि उन्हाळ्यात तापतो."
मस्कतच्या उन्हाळ्यात कोण नाही तापत.

दुसरा काळाभोर, तळहातावर मावेल असा.
रिमोट इतका गुळगुळीत
की साखरपुड्यात आहेर म्हणून खपेल.
चित्र फर्स्टक्लास.
पण आवाजाची गाठोडी हा स्वतःच सोडतो,
अ‍ॅम्प्लिफायरच्या ताटात कालवलेला भात वाढतो.

तिसरा कुरूप. पेढ्यांच्या बॉक्ससारखा,
मागे लॅनची खोबण, खाली चार रबरी पाय,
त्यातला एक निखळलेला.
जे येईल ते जसंच्या तसं पुढे ढकलतो,
पदरचं मीठ घालत नाही.
किंमत ऐकून मी रियालचे रुपये केले.
एकोणीस वर्षं झाल्यावर माणसाने
हे करायचं नसतं.

तीन आठवडे अभ्यास चालला होता माझा.
घुब्राच्या प्लांटवर, समुद्राचं मीठ काढता काढता,
पंपांच्या प्रेशरच्या नोंदींखाली
मी गणितं मांडत होतो:
सिनेमाची चित्रं सेकंदाला चोवीस,
टीव्हीचे ठोके साठ.
भागाकार बसत नाही.
मग साधा डबा एक चित्र दोनदा दाखवतो,
पुढचं तीनदा,
परत दोनदा, परत तीनदा,
आणि पडद्यावर सरळ चालणारा माणूस
किंचित लंगडतो.
चांगला डबा टीव्हीलाच सांगतो,
बाबा रे, तू चोवीसवर ये.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.
अकरा महिने इथे, एक संगमनेरला.
रजेतला एकेक दिवस मी परत आल्यावर
तीन-तीनदा बघतो. इथले तर
एकदाही धड बघितलेले नाहीत.

शमशुद्दीन, माझा खोलीवाला, सिल्हेटचा,
ताटातला मासा निवडत म्हणाला,
"सात स्पीकर? तुझ्या कानांना?"

खोटं नाही. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी
आलेख दाखवला होता मागच्या तपासणीत.
रेघ शहाण्यासारखी सरळ येते
आणि चार हजार हर्ट्‌झला खड्ड्यात पडते.
उजवीकडे ढोपरभर. डावीकडे पुरुषभर खोल.
डोळ्यांना फोर-के हवं म्हणून हिंडतोय,
कानांनी चार हजार कधीच सोडून दिलेत.
तिथे, बाई म्हणाल्या, बारीक अक्षरं राहतात.
स. फ. थ.
सुनेत्रा फोनवर म्हणते, "सगळं ठीक."
मला ऐकू येतं, "आगळं ठीक."
मी दुरुस्त करत नाही. असेलही.

तिसरा घेतला.
शुक्रवारी सकाळी वायरी ओढल्या,
कॉटखालून, इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालून.
निखळलेल्या पायाखाली पाचशे बैशांची नोट
घडी करून सरकवली, तेव्हा डबा समपातळीत आला.

कुठलासा परदेशी सिनेमा. रिकामं घर. कुणीच बोलत नाही.
शमशुद्दीन एकदम मागे वळला.
"काय?"
"दार उघडलं ना, तुझ्या मागे."
माझ्या मागे एसी होता आणि वाळत घातलेला टॉवेल.

मी मेन्यूत शिरलो. मागचा डावा.
तीन डेसिबल वाढवले. सहा. नऊ.
शमशुद्दीन कानांत बोटं घालून
चहा ठेवायला उठला.
सिनेमा अर्धा मिनिट मागे नेला.

दार उघडलं.
बिजागरीच्या अगदी टोकाला, संपता संपता,
एक बारीक स होता.

पुन्हा मागे नेलं.
पुन्हा.
आतून शमशुद्दीन ओरडून काहीतरी विचारत होता,
बहुतेक साखर किती.