कुठे तोडायचं

बुधवारी, दुआर्नने बंदरावरच्या दवाखान्यात
एनोरा टेबलावर टिचकी मारते.
पार. ल्यों.
आम्ही बोलत होतो.
दोन टिचक्या, मस्यू केर्वादेक, दोनच.

केर्वादेक डाव्या हाताने उजवा हात उचलतात,
पार्सल ठेवावं तसा टेबलावर ठेवतात.
चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले.
ओळ भरली की शब्द कुठे तोडायचा
हे अंगठ्यालाच ठाऊक असायचं.
आता ओळ तोंडातच भरते.

पार, म्हणतात ते. बराच वेळ नुसतं पार.
खाली कुणीतरी सार्डिनचे क्रेट धुतंय.

व्याकरण म्हणतं, धातू पार्ल,
इथे संपला, पुढचा तो प्रत्यय.
जीभ व्याकरण वाचत नाही.
ती धातूच्या काठावरचा ल उचलते
आणि प्रत्ययाच्या ताटात वाढते.
धातू म्हणजे शिसंही.
तापलं की ते कुठल्या काठाशी थांबतं,
केर्वादेकांना विचारा.

दुसरं कार्ड: ते बोलतात.
शेवटची तीन अक्षरं कागदावर आहेत,
जिभेवर एकही नाही.
केर्वादेक हसतात, अर्ध्या तोंडाने.
ही मुकी तीन त्यांनी किती बसवली असतील,
वजन इतरांइतकंच,
खिळा हरवला तर शिवीही तेवढीच.
बोट कार्डावर फिरतं. एक, दोन, तीन.
हजर.

तिसरं कार्ड भविष्याचं. मी बोलेन, पार्लरे.
वेळ संपत आलीय, एनोरा सांगत नाही
की कधीकाळी लोकांनी 'बोलणे'च्या पाठीला
'माझ्यापाशी आहे' चिकटवलं
आणि वापरून वापरून सांधा दिसेनासा झाला.
बोलणं माझ्यापाशी आहे.
ते कार्ड उलटं पडून राहतं.

साडेअकराला सोलांज येते,
बाहीत हात घालते, मग दुसऱ्या बाहीत.
पार, ते दारात म्हणतात.
हो हो, पार्तों, निघालोच, ती म्हणते,
किल्ल्या शोधते, काठी देते,
लिफ्ट बंद आहे म्हणून कुरकुरते.

एक जिना उतरून,
कठड्याला धरून, धापा टाकत,
खालच्या ओळीवर:
ल्यों.

सोलांज थांबते.
काय रे? काय म्हणालास?