चोरलवर, गवत वाहताना

भादवा सरत आला की चोरल गवत सोडते.
वर कुठंतरी मुळं सैल होतात
आणि पाणी दिवसभर
हिरव्या, चिकट जटा खाली पाठवत राहतं.

रामबागेतून पहाटे निघालो.
फाटकाशी टेंबे म्हणाले, "पितृपक्षात गळ?"
गळाचा उलटा काटा घासून काढलाय, सांगितलं,
मासा सोडूनच देतो.
"मग जाता कशाला?"
स्कूटर एकदाची सुरू झाली,
तेवढं उत्तर टळलं.

माशी हेमलतेनं बांधलेली.
मला आता सुईतला दोरा दिसत नाही.
कोंबड्याचं पीस ती चिमट्यानंच धरते,
देवघराकडे पाठ करून;
वर महेश्वरीच्या काठातली एक जर,
शेवटी नेलपॉलिशचा थेंब.
मासा तिनं आयुष्यात चाखलेला नाही.

पहिल्या फेकीला गवत.
दुसरीला गवत.
हरसिंग डावर म्हशी पाण्यात सोडून बसलेला,
मोठ्यानं मोजत होता.
सतराला थांबला. "बाबूजी, म्हशीला तरी घाला."
घातलं.
म्हशीनं हुंगलं, तोंड फिरवलं.

मग फेकणं सोडलं. नुसता पाहत राहिलो.
दोन पुंजक्यांमध्ये पाणी उघडं पडतं,
ताटाएवढं,
तीन श्वास टिकतं, मिटतं.
बोटांना चिकटलेल्या गवतात
एक किडा, करडा, जिवंत, पाय झाडणारा.
शेजारी हेमलतेची माशी
लग्नाला निघाल्यासारखी.

तरी टाकली तीच, पुढच्या ताटात.
खाली एक सावली तिरकी झाली.
काठीचं टोक वाकलं, दोरी गवताखाली शिरली,
हातात एकदम वजन आलं,
माशाचं की नदीचं, ते कळायच्या आत
दोरा हलका.

त्या टोकाची गाठ माझी.
ती अजून मीच मारतो.

सावलीत बसून भुट्ट्याचा कीस खाल्ला,
अर्धा हरसिंगला दिला.

"किती?" असं ती कधी विचारत नाही.
"माशी कुठाय?"
"गवतात गेली."
तिनं दोऱ्याचं टोक दिव्यापाशी नेलं.
कुरळं झालेलं, डुकराच्या शेपटीसारखं.
"तुटलेली नाही," म्हणाली, "सुटलीय."
मी हात धुवायला उठलो.
नळाखालून म्हणालो,
"करडी हवी होती, जरा मळकी."

ती काही बोलली नाही.
रात्री उशिरा आतल्या खोलीत
माझ्या जुन्या स्वेटरची बाही
उसवल्याचा आवाज.