मधलं घर

टॉलिव्हर काउंटीत घरं पाच हजार चारशे सात.
कमाईच्या क्रमानं एका रांगेत उभी केली
तर दोन हजार सातशे चारावं घर मधलं.
त्याच्या दारावर ना पाटी, ना कुत्रं.
अकरा वर्षं मी त्याचा पत्ता शोधतेय
माँटगोमेरीत, तिसऱ्या मजल्यावर बसून.

सरासरीचं सोपं असतं.
तळ्याकाठी एक निवृत्त दंतवैद्य राहायला आला
की ती लगेच टाचा उंचावते.
मध्यक तसा नाही.
तो मान खाली घालून डावीकडची घरं मोजतो,
उजवीकडची मोजतो,
आणि जिथं दोन्ही सारखी होतात तिथं उभा राहतो,
पावसात छत्री विसरलेल्या कारकुनासारखा.

सगळ्यांना विचारायला पैसा नाही.
यंदा उत्तरं आली एक्याण्णव घरांची.
शितावरून भाताची परीक्षा, मान्य,
पण इथं भांडं मोठं आणि आच एकाच बाजूला.
म्हणून पाच वर्षांची उत्तरं एकत्र कालवायची,
जुन्या डॉलरांना आजच्या डॉलरांचे कपडे चढवायचे,
तरीही आकडा थरथरला
तर शेजारच्या काउंट्यांकडून वाटीभर उसनं आणायचं:
त्यांच्याकडे अन्नकुपनं किती, कराचे कागद किती,
त्यावरून आपल्याकडे काय असेल.
शेवटी आकड्यापुढे अधिक-उणे.
दार लोटलेलं, कडी न लावलेलं.

एकदा मी स्वतः गेले.
ओझेला मेब्री, एकाहत्तर, विटांवर टेकवलेला ट्रेलर.
"गेल्या बारा महिन्यांतलं घराचं एकूण उत्पन्न?"
ती म्हणाली, "कुठले बारा?"
डेल्मर होता तोवर मोज्यांच्या गिरणीची पूर्ण पेन्शन,
मार्चनंतर निम्मी.
मुलगा चॅटनूगाहून पाठवतो,
कधी पाठवण्याऐवजी स्वतःच येऊन राहतो,
मग घरात माणसं दोन आणि पैसे कमी.
पेकान वेचते. चर्चमधल्या बायकांच्या झग्यांना दुमड घालून देते.
"आणि अंडी? अंडी कुठल्या रकान्यात?"
मी म्हटलं, इतर.
ती हसली. तिच्या हसण्यात खोकला होता.
"घर चालतं ते इतरवरच, पोरी."
तीनशे चाळीस डॉलर, मी लिहिले.
निघताना तिनं सहा अंडी दिली,
सरकारी माणसाला घेता येत नाहीत ती.
मी घेतली.

पुढच्या डिसेंबरात आकडा चढला.
एकेचाळीस हजार दोनशेवरून थेट सेहेचाळीस हजार,
अधिक-उणे चार हजार नऊशे.
काउंटी कमिशनरचा फोन आला, आवाजात केक कापल्याचा आनंद:
"आम्ही नेमकं काय बरोबर केलं?"

मी फाइल उघडली.
गिरणीची तिसरी पाळी बंद झाली होती.
भाड्याचे ट्रक, दोऱ्यांनी बांधलेल्या गाद्या,
तीनशे घरं डाल्टनकडे, कुठं कुठं.
खालची तीनशे गेली की
मधलं घर दीडशे घरं वर सरकतं.
कुणाचा पगार हलला नाही, कुणाचा उंबरा हलला नाही.
फक्त 'मधलं' हा शब्द
चढण चढून दुसऱ्याच्या अंगणात गेला.
मी हे सगळं समजावून सांगितलं.
कमिशनर थोडा वेळ गप्प राहिला.
"पण वाढलं ना?"
वाढलं, मी म्हटलं.

आज नवी यादी आली.
विटांवरच्या त्या ट्रेलरपुढे एकच शब्द: रिकामं.
रिकाम्या घराला उत्पन्न नसतं,
शून्यसुद्धा नसतं.
ते रांगेतून बाजूला होतं
आणि मागचं घर मुकाट पुढं येतं.

ओझेला मुलाकडे गेली की डेल्मरकडे,
ते या फॉर्ममध्ये नाही.
कोंबड्या कुणी नेल्या, तेही.