काही करू नकोस

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर माझी खोली.
दारावरच्या पाटीतला लांबलचक शब्द
खालच्या चहावाल्याला अजून पचलेला नाही.
"मॅडम, शॉक देता म्हणे?"

नाही देत. मी काहीच देत नाही.
केसांत भांग पाडून पेस्टचा थेंब,
थेंबावर बटणाएवढी चकती,
कानाच्या पाळीला चिमटा.
वीज तुमचीच असते,
मी फक्त ती तुमच्यासमोर धरते.

सातपूरचा प्रज्योत, वय वर्षं नऊ,
शाळेनं डायरीत लाल शाईनं लिहून पाठवलेला.
पडद्यावर एक होडी आहे.
मन जागेवर असलं की ती पुढे सरकते,
भटकलं की थांबते.
तो दात आवळतो, मुठी आवळतो,
अख्ख्या अंगानं होडी ढकलतो
आणि होडी हलत नाही.
"काय करू मी?"
"काही करू नकोस."
"पण काही नाही, ते कसं करायचं?"

अकरा वर्षं झाली या खुर्चीशेजारी बसून,
याचं उत्तर मला आलेलं नाही.

देवळालीहून सुभेदार गायधनी येतात,
तीस वर्षं तोफखान्यात गेलेली.
रात्री तीनला जाग, मग उजाडेपर्यंत छत.
आरामखुर्चीतसुद्धा सावधान.
जबडा आवळला की पडद्यावर काटेरी झुडूप उगवतं,
पापणी लवली की डोंगर.
"हा डोंगर म्हणजेच आजार का?"
"नाही, ती तुमची पापणी."
केवढे हसले.
हसण्याचंही झुडूपच उमटलं.

गुण येतो का, लोक विचारतात.
काहींना येतो, काहींना नाही.
आणि काहींना कदाचित एवढ्यानंच येत असेल
की आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं
कुणीतरी त्यांच्याकडे नीट बघतं.
हे मी पावतीवर छापत नाही,
पण विचारलं तर सांगते.

आई नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होती, नोटांचे ताव तपासायला.
सरकलेली रेघ, फुटलेली शाई,
नजरेला टोचलं की ताव बाजूला.
"एवढा पैसा हाताखालून गेला,
त्यातला एक आपला नव्हता," म्हणायची,
आणि संध्याकाळी गेटवर झडती देऊन घरी आली की
माझी वही तशीच बघायची, उजेडाकडे धरून.
मी मानसशास्त्राला गेले तेव्हा एवढंच बोलली,
"माणसांतला चुकलेला ताव कुठला,
हे ठरवायचं कुणी?"

आता तिला झोप नाही.
चादरीवर उजवा अंगठा हलत राहतो,
पुढचा, पुढचा, पुढचा.

एका रविवारी, खोली बंद असताना, तिला खुर्चीत बसवलं.
पांढऱ्या केसांत चकती लवकर बसते.
होडी सुरू झाली. थोडी अडखळली, मग सरळ निघाली.
मी खाली पाहिलं तर अंगठा चालू.
सवयीनं बोलून गेले, "आई, मोजू नकोस."
होडी थांबली.

तिनं माझ्याकडे पाहिलं, चुकल्यासारखं,
साठ-सत्तर वर्षांत मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता,
म्हणजे माझी तेवढी वर्षं झालेलीही नाहीत, पण तसं वाटलं.
"बरं, मोज," म्हटलं.
अंगठा हलला. होडी पाण्याला लागली.
मी वहीत थीटा, बीटा काही लिहिलं नाही.

नंतर बेसिनवर तिचं डोकं वाकवून
कोमट पाण्यानं पेस्ट काढत होते.
ती चिकट, पटकन निघत नाही.
टॉवेल गुंडाळून ती खिडकीशी गेली,
प्रिंटरमधून निघालेला आलेख उचलला,
उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला,
कडेवरून अंगठा फिरवला.

"छपाई बरी आहे," म्हणाली.
बाजूला नाही काढला.