हातचा

स्वयंपाकघरातलं टेबल, कोरं पान, कॉफीचे दोन कप,
स्टेलिओसने अर्धं चघळून फेकलेलं कुलूरीचं कडं,
आणि तीळ, सगळीकडे तीळ.
थेस्सालोनिकीत त्या दिवशी समुद्राकडून धुकं आलं होतं,
समोरची गॅलरीसुद्धा दिसत नव्हती.

नाझिब्रोला. जॉर्जियातल्या झुगदिदीची.
कोट काढला नाही तिने. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी.

मी आदल्या रात्री आकडेमोड केली होती:
पगार, इस्पितळातल्या जादा रात्री,
भाडं, वीज, घटस्फोटाच्या वकिलाचा शेवटचा हप्ता.
खाली, दोनदा अधोरेखित: तासाला आठ युरो.
नऊ झेपणार नव्हते. आठ, ओढूनताणून, झेपत होते.

मी विचारलं, "तुमची काय अपेक्षा?"
किती सभ्य प्रश्न.
समोरच्याला आधी तोंड उघडायला लावणारा.

"पाच," ती म्हणाली. "सगळे पाचच देतात."

फ्रिज घरघरत राहिला.
मला शांतता मोजायची सवय आहे.
एक्स-रेच्या खोलीत मी लोकांना सांगते, श्वास रोखा,
आणि मी सोडा म्हणेपर्यंत ते सोडत नाहीत.
तासाला तीन. दिवसाला चोवीस.
महिन्याला पाचशेच्या वर.
त्यासाठी काहीच करायचं नव्हतं.
नुसतं "बरं" म्हणायचं होतं, किंचित नाखुशीने,
म्हणजे तिलाच वाटलं असतं, आपण जास्त मागितले.

बेरजेत हातचा धरायला मला आईने शिकवलं,
सुट्टीवर आली होती तेव्हा.
अकरा वर्षं ती श्टुटगार्टला दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालायची,
मी काव्हालाला मावशीकडे.
ती गेल्यावर तिची डायरी मिळाली:
"फ्राऊ ल्युटगेन. सव्वा तास जास्त. विचारू?"
पुढच्या आठवड्यात: "पाऊण तास. विचारू?"
पानापानावर "विचारू?"
उत्तर एकाही पानावर नाही.

"आठ," मी म्हणाले.
आवाज चढलाच जरा, भांडल्यासारखा.

तिने माझ्याकडे पाहिलं. आनंदाने नाही, संशयाने.
"आठात काय काय? स्वयंपाक? इस्त्री?
घरात म्हातारं कुणी आहे?"

खरं सांगते, राग आला.
मी उपकार करायला निघाले होते
आणि तिने तो उचलून व्यवहारात ठेवला,
मुळात जिथे त्याची जागा होती.

"दुपारी तो दोन तास झोपतो," मी चाचरले, "तर ते दोन तास..."
"तो झोपतो. मी नाही झोपत."
लिहिलं.
विमा. लिहिलं.
ईस्टरचा आठवडा, पगारी. लिहिलं, थोडं थांबून.
उशीर झाला तर?
"पंधरा मिनिटांपर्यंत माफ. त्यापुढे घड्याळ."
लिहिलं. दोघींनी सही केली, तीळ झटकून.
मग कुठे तिने कोट काढला.

मंगळवारी रिंगरोडवर ट्रक उलटला.
घरी पोचले तर दिवा मंद, पोर झोपलेलं,
ती खुर्चीत, कोट घालून.
मी लगेच, कुणी न सांगता, फ्रिजवरच्या पानाखाली लिहिलं:
चाळीस वजा पंधरा, पंचवीस मिनिटं.
स्वतःवर खूश होते मी.

तिने चष्मा लावला. वाचलं.
"पंधरा माफ, पंधराच्या आत आलात तर.
नाहीतर सगळी चाळीस."

मी वजाबाकी खोडली.
ती गुंड्या लावत उभी राहिली,
आकडा नीट लिहून होईपर्यंत.